तिप्पटीचं घर

आप्पा,

परवा तुमच्या दहाव्याला गावातले एक जण भाषणात म्हणाले, "आप्पांना शब्दांची फार आवड." मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते म्हणून गप्प राहिले, नाहीतर उठून सांगितलं असतं. तुम्हाला शब्दांची आवड नव्हती. तुम्हाला गुणांची आवड होती. शब्द पारिजात असो की पायपुसणं, तुमचं त्यावर काही म्हणणं नसायचं. किती मिळाले, एवढंच विचारायचात. यावरून आपण इतकी वर्षं भांडलो आणि शेवटी लोकांनी माझीच बाजू तुमच्या नावावर लावून टाकली.

मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. तुमच्या महेशची नोकरीही साताऱ्यातच. पहिल्या दिवाळीला आपल्या गावी आलो, वडूजला. (आपल्या म्हणते, सवय जात नाही.) मुलांचं शुद्धलेखन सुधारावं म्हणून मी पुठ्ठ्याची अक्षरं कापून एक खेळ करत होते. ओसरीवर बसले होते, आणि वारा असा की अर्धी अक्षरं अंगणात. तुम्ही रानातून आलात, दोन-चार अक्षरं उचलून आणलीत आणि विचारलंत, "हे काय मांडलंयस गं?"

मी सांगितलं. पटावर चौकोनी घरं. प्रत्येक सोंगटीवर एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी फुकट, वाचताना हवी ती लावायची. जोडाक्षर हवं असेल तर एका घरात दोन सोंगट्या, एकावर एक. सोप्या अक्षराला कमी गुण, अवघड अक्षराला जास्त. काही घरं रंगवलेली, तिथं सोंगटी पडली की तिचे गुण दुप्पट, काही ठिकाणी तिप्पट. आधीच्या शब्दाला चिकटूनच पुढचा शब्द लावायचा.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "शब्द मोठा लावला तर जादा गुण हायत का?"

"तसे वेगळे नाहीत."

"मंग मोठा लावायचा कशाला?"

तोफखान्यातून सुभेदार होऊन परत आलेला माणूस पोरांच्या खेळात एवढं काय बघतोय, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सुताराकडून लाकडी सोंगट्या करून आणल्यात, कडा घासलेल्या. म्हणालात, "पुठ्ठा वाऱ्याला टिकत न्हाई. बस."

पहिला डाव मला अजून लख्ख आठवतो, कारण त्या डावात मला माझ्या भाषेचा जरा गर्व होता. मी मधोमध "पारिजात" लावला. चार सोंगट्या, सगळी हलकी अक्षरं. पण लावल्यावर पट कसा छान दिसायला लागला! तुम्ही मान एकीकडे कलती करून बघितलंत आणि ज च्या खाली ट, त च्या खाली ळ ठेवलात. आडवं वाचलं की टाळ. उभं वाचलं की जटा, आणि दुसऱ्या बाजूला तळ. दोन सोंगट्यांत तीन शब्द, प्रत्येक सोंगटी दोनदा मोजलेली. माझ्या पारिजातापेक्षा दुप्पट गुण.

"तुझा पारिजात वासाला बरा हाय," तुम्ही म्हणालात. "गुणाला न्हाई."

ओसरीच्या दारातून आई, म्हणजे तुमच्या कारभारीणबाई, हसल्या. सून आल्यापासून त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या असतील. मी मात्र रागावले होते. मला हरण्याचा राग नव्हता. ज्या गोष्टीवर माझं पोट आणि प्रेम दोन्ही होतं, तिच्याकडे तुम्ही दारूगोळ्याकडे बघावं तसं बघत होतात.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत डाव झाला आणि प्रत्येक डावात वाद. ळ चा वाद तर मिटलाच नाही. मी त्याला एक गुण ठेवला होता. शाळा, केळी, डोळे, माळ, वेळ, मराठी माणसाचं ळ शिवाय पान हलत नाही. जे इतकं येतं त्याला गुण कशाला जास्त? तुम्ही म्हणायचात, "ळ नं एक तरी शब्द सुरू हुतोय का सांग. त्याला कायम कुणाच्या तरी मागं उभं ऱ्हावं लागतंय. लावायला आवघड हाय त्यो. चार पायजेत." शेवटी दोनवर तडजोड झाली. ती तुम्हालाही पटली नाही आणि मलाही नाही.

दुसरा वाद बोलीचा. माझा नियम होता, शब्द कोशात हवा. तुम्ही बिनदिक्कत "तवा" लावलात आणि विचारलं तर म्हणालात, "तवा म्हंजे त्या येळंला." मी म्हणाले, बोलीतला शब्द चालणार नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मंग भाकरीचा तवा धर." "लय" लावलात. मी म्हणाले, "लय म्हणजे पुष्कळ असेल तर काढा." तर म्हणे, "गान्यातली लय हाय, काढतीस?" "हाय" लावलात आणि वर मलाच दुखलं-खुपलं की माणूस काय म्हणतो ते करून दाखवलंत. तुमच्या तोंडचे शब्द तुम्ही माझ्या कोशातून असे सोडवून न्यायचात आणि गुण पाटीवर मांडायचात. आणि "आमी" लावता येत नाही याचं तुम्हाला खरंच वाईट वाटायचं. "आमी म्हंजे आमीच की," म्हणायचात. "त्याला ह नसला म्हनून आमी न्हाई व्हय?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. मराठीची बाई म्हणून माझ्याकडं उत्तर होतं. माणूस म्हणून नव्हतं.

तुमचं तंत्र मला हळूहळू कळत गेलं. तुम्ही आधी हातातली अक्षरं बघतच नव्हतात. आधी पट बघायचात. "तिप्पटीचं घर म्हंजे टेकडी," असं तुमचं म्हणणं. "चढता आलं तर चढायचं. न्हाई आलं तर निदान समोरच्याला चढू द्यायचं न्हाई." एकदा दोन्ही ठ हातात धरून तुम्ही कितीतरी पाळ्या फुटकळ शब्द लावत बसलात, आणि माझ्या ल शेजारचं तिप्पटीचं घर मोकळं दिसताच दोन्ही ठ त्यात एकावर एक ठेवलेत. लठ्ठ. मी पाटीवर गुण लिहायलाही नकार दिला होता. तुम्ही माझ्या हातातून खडू घेऊन स्वतः लिहिलेत.

मग महेशचं आणि माझं मोडलं.

त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून इथंही थोडक्यात. आमच्यात मोठं भांडण झालं नाही. बोलणंच कमी होत गेलं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहत होतो. मूल नव्हतं. एक दिवस दोघांनाही ते कळलं, आणि ज्याला आधी म्हणायचं धाडस झालं तो महेश होता. मी सातारा सोडलं, सांगलीच्या शाळेत लागले आणि माधवनगरला, बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत, माझ्या आईकडं राहायला आले. तिकडच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोनवर एकच वाक्य ऐकवलं: "आता हिकडं यायचं कारन न्हाई." त्यांचंही बरोबर होतं. त्यांचा मुलगा होता.

पट आणि सोंगट्या गावाकडंच राहिल्या होत्या. त्यांची आठवण यायची, पण मागायच्या कशा?

एका शनिवारी सकाळची शाळा आटपून घरी आले तर तुम्ही आमच्या बाहेरच्या खोलीत बसलेले. वडूजहून विटा, तासगाव करत एसटीनं आलेलात. पांढरा सदरा, टोपी, आणि शेजारी ज्वारीच्या पोत्यात गुंडाळलेला पट. माझ्या आईची पंचाईत झाली होती. ती चहाचा कप घेऊन उभी होती आणि म्हणत होती, "अहो, आता तुम्हाला काय म्हणून हाक मारायची तेच कळत नाही."

"आप्पा म्हना की," तुम्ही म्हणालात. "सगळं गाव म्हनतंय."

मला वाटलं, तुम्ही समजूत घालायला आलात. परत चल म्हणाल, किंवा मुलाच्या वतीनं चार शब्द बोलाल. मी मनात उत्तरं तयार करून समोर बसले. तुम्ही पोत्याची सुतळी सोडलीत, पट चौरंगावर मांडलात, सोंगट्या पिशवीत घालून हलवल्यात आणि पिशवी माझ्यापुढं धरलीत.

"काढ."

मी काढल्या. आपण खेळलो. तुम्ही जिंकलात. पाणी प्यायलात, टोपी नीट केलीत आणि निघालात. पट तिथंच ठेवलात. दारात म्हणालात, "ऱ्हाऊ दे. परत परत कुठं आनू एवढं वज्झं."

मी आत जाऊन रडले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. रडले ते दुःखानं नाही. त्या घरातून मला कुणीतरी भेटायला आलं होतं आणि त्यानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

नंतर तुम्ही येत राहिलात. पेन्शनच्या कामाला आलो, डोळे दाखवायला आलो, असली कारणं पहिल्या-पहिल्यांदा सांगितलीत, मग तीही बंद केलीत. येताना शाळूची कणसं, कधी हरभऱ्याची पेंढी. गल्लीतले लोक बघायचे. एकदा आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला मुलांना खेळ दाखवायला तुम्हाला बोलावलं. मुख्याध्यापकांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली, "हे आमच्या बाईंचे..." आणि थांबले. पुढं काय म्हणायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही माईक पुढं ओढलात आणि म्हणालात, "मी बाईंच्या इरुद्ध खेळतो." मुलं टाळ्या वाजवून हसली. तेवढी ओळख पुरली. मग तुम्ही त्यांना सांगितलंत, "लांब शब्द हुडकू नका रं. आधी घर बघा." मी वर्षभर शिकवलेलं तुम्ही पाच मिनिटांत पुसलंत.

महेशनं दुसरं लग्न केलं ते मला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. त्यानंतरच्या तुमच्या खेपेला तुम्ही नेहमीसारखेच आलात, पट मांडलात. मला ते सहन झालं नाही. तुम्ही शब्द लावत असतानाच मी विचारलं, "आप्पा, तुम्ही इथं कशाला येता? मुलाच्या वतीनं? माझी दया येते म्हणून?"

तुम्ही हातातली सोंगटी ठेवलीत. शब्दाचे गुण मोजलेत, पाटीवर मांडलेत, बेरीज केलीत. मग माझ्याकडं बघितलंत.

"दया आसती," तुम्ही म्हणालात, "तर एकदा तरी हरलो आसतो."

आणि लगेच, "तुझी पाळी हाय."

मी शब्द लावला. कुठला ते आठवत नाही. पण त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर सरळ बसायला लागले. तुम्ही मला एकही गुण सोडत नव्हतात. माझ्या कीवेनं सगळे मऊ बोलत होते त्या दिवसांत, आप्पा. शाळेत, नात्यात, शेजारी. तुमच्या पटावर तेवढं मऊ काही नव्हतं. तिथं मी पूर्ण माणूस होते, हरवण्याच्या लायकीची.

मधे मी तुम्हाला म्हणाले होते, एवढा प्रवास झेपत नाही तर मोबाईलवर खेळू. तुम्ही तो विचार एका वाक्यात उडवलात. "समोरच्याचं त्वांड दिसाय पायजे. हातात ढ आला की तुझं नाक आक्रसतंय." तेव्हापासून मी ढ आला की मुद्दाम हसायला लागले आणि तुम्ही त्यावरूनही ओळखायला लागलात.

मग तुमच्या छातीत पाणी झालं. मिरजेच्या दवाखान्यात आणलं, आणि महेशनं मला फोन केला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. म्हणाला, "आप्पा विचारतायत, पट घेऊन येशील का." मग म्हणाला, "आई इथंच आहे. पण ये."

मी गेले. आई खोलीच्या दाराशी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या पटाकडं बघितलं आणि पाय आत घेऊन मला वाट दिली. महेश औषधं आणायला म्हणून खाली निघून गेला.

तुम्ही किती उतरला होतात! पण उशीला टेकून बसलात, गुडघ्यावर पट घेतलात. मुरलेल्या हातानं सुरुवात केलीत. अर्ध्या डावानंतर तुम्ही "मळा" लावलात, आणि मी बघतच राहिले. ळ च्या डोक्यावर तिप्पटीचं घर मोकळं पडलं होतं. उभं वर जायला वाट सरळ. तुमच्या हातून असं घर कधी सुटलं नव्हतं. माझ्याकडं व होता, ढ होता. ढवळ लावता येत होता, कोशात असलेला, सोज्वळ शब्द. पण मग तिप्पटीच्या घरात व पडला असता, एका गुणाचा. ढ तिथं पडायचा तर व वर हवा, ढ मधे आणि खाली तुमचा ळ. तसा एकच शब्द होता, आणि तो माझा नव्हता. तुमच्याकडचा होता. बराच वेळ झाला की तुम्ही लोक म्हणता तो.

न लावता सोडून द्यावं, असं मनात आलं. माणूस एवढा आजारी. पण तुम्ही माझ्या नाकाकडं बघत होतात.

मी लावला. वाढूळ.

तुम्ही वाकून वाचलंत. "ह्यो तुझ्या पुस्तकात हाय?"

"बघितलं नाही. तुमच्या तोंडात आहे."

"आमी म्हनताना वाडूळ म्हनतो. ड."

"लिहिताना ढ."

"ढ ला गुण जादा म्हनून?"

"व्हय," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला आला आणि दारातून आई उठून आत आल्या, तुमच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खोकला थांबल्यावर तुम्ही पाटी मागितलीत. गुण स्वतः मोजलेत, एकदा, पुन्हा एकदा. डाव संपला तेव्हा मी पुढं होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही बेरजेखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "बरोबर हाय." शाबासकी दिली नाहीत, डोक्यावर हात ठेवला नाहीत. बेरीज बरोबर असल्याचं तेवढं सांगितलंत. मी पट गुंडाळला.

तेव्हा मला बरंच काही बोलायचं होतं. तुम्ही आलात म्हणून मी त्या वर्षांतून बाहेर निघाले, हे सांगायचं होतं. "आमी" चा वाद मी हरले, हेही. मी म्हणाले, "पुढच्या शनिवारी येते." तुम्ही मान हलवलीत. शनिवारच्या आधीच महेशचा फोन आला.

अंत्यविधीला मी पोचू शकले नाही. दहाव्याला आले. गावात शिरताना परत फिरावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? माझी तिथं कुठलीच जागा नव्हती. महेशची बायको माझ्यापेक्षा जास्त गोंधळली होती. तिनं मला पाणी आणून दिलं, मी घेतलं, दोघींनीही एकमेकींकडं नीट बघितलं नाही. भाषणं झाली. पुरुष मंडळी उठली. मीही एसटीच्या वेळेचं निमित्त करून निघणार, तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडं बोट करून आईंना विचारलं, "हीच व्हय ती? आप्पांस्नी हरवनारी?"

"हीच," आई म्हणाल्या.

मला वाटलं, दवाखान्यातल्या डावाची गोष्ट गावात पोचली. पण म्हाताऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "दर खेपंला हरवायची म्हनं!"

"दर खेपंला," आई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलत होत्या. "एसटीतनं उतरलं की त्वांड पाडून यायचं. मी इचारायची, काय झालं? तर, हरलो. मी म्हनायची, आवं, मंग जाताच कशाला? आता ती आपली कोन? तर म्हनायचं, हरून आलोय, फेड केल्याबिगर घरात कसं बसू? आता हरलेल्या मानसाला कसं आडवायचं, सांग तू. मी काय बोलनार त्याच्यावर?"

आप्पा, पटावर तुम्ही मला कधी एक गुण सोडला नाहीत. आणि इकडं गावात येऊन, घरात, पारावर, सगळे डाव माझ्या नावावर मांडत होतात. जिंकून आलो म्हणाला असतात तर आईंनी तुम्हाला परत पाठवलं नसतं. म्हणून तुम्ही, ज्यांना पाटीवरचा एक गुण चुकीचा खपत नव्हता, इतकी वर्षं हरत राहिलात. यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. कडकडून भांडायचं होतं.

आई अजून माझ्याकडं बघत होत्या. डोळे सुजलेले. पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "एवढं म्हातारं मानूस, एवढ्या लांबनं यायचं. एकदा तरी जिकू द्यायचंस गं त्यास्नी."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं.

"चुकलंच आई," मी म्हणाले.

"बस आता," त्या म्हणाल्या. "जेवून जा."